खाऱ्या पाण्याचं माहेरपण

कूलरला नवं गवत बसवलं की दिवसभर घरात ओल्या लाकडाचा वास भरून राहतो. तो वास आला की आमच्याकडे उन्हाळा लागला, असं मी धरते. वर्तमानपत्रात जळगावच्या तापमानाचा आकडा लाल अक्षरांत छापून येतो तो त्यानंतर, आणि त्यावर सगळ्यांनी हुश्श करून चर्चा करायची तीही त्यानंतर. यंदा होळीनंतर ह्यांनी गवत बदललं, खाली पाणी सोडलं, आणि पहिला गार झोत आला तशी माझी नजर सवयीने कूलरसमोरच्या स्टुलावर गेली. त्या स्टुलावर एक लहानशी काचेची पेटी आहे. पेटीत खारं पाणी आहे, आणि त्या पाण्यात एका पांढऱ्या बुंध्यावर हिरव्या बटणांएवढ्या फुलांचा झुबका हलतो आहे. ती फुलं नव्हेत, तो जीव आहे. प्रवाळ. आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही येता-जाता डोकावून विचारतात की ह्याला खायला काय घालता.

पेटी तात्पुरती म्हणून आली होती. आमच्या घरात तात्पुरत्या म्हणून आलेल्या वस्तूंची मोठी परंपरा आहे. गच्चीवरचा पत्रा तात्पुरता आहे, पुढच्या खोलीतला ट्यूबलाइट तात्पुरता आहे, आणि लग्नानंतर नवं घर बांधेपर्यंत म्हणून मी ज्या खोलीत राहायला आले ती खोलीही. पण ह्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. ती एका उन्हाळ्यासाठी आली, आणि तो उन्हाळा अजून माझ्या मनातून हललेला नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी माझी धाकटी नणंद वंदना सुरतहून आली. खानदेशात सासुरवाशिणीला आखाजीचं माहेर दिवाळीपेक्षा मोठं. कडुनिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या आणि आईच्या घरी दुपारी पाय पसरून झोपायचं. वंदना दरवर्षी यायची ती सुरतच्या साड्या आणि घारीची मिठाई घेऊन, आणि आली की निम्मा दिवस मला कामाला लावून स्वतः हसत बसायची. नणंदेचा हक्कच तो. त्या वर्षी ती आली ती दोन्ही हातांनी थर्माकोलचा एक खोका छातीशी धरून. रिक्षातून उतरताना तिने बॅग ह्यांच्या हातात दिली, खोका दिला नाही.

तिचे यजमान, सतीशराव, दिवाळीनंतर गेले होते. सुरतेच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. सतीशरावांना एकच नाद होता. लग्न झाल्यावर वर्षभरात त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी केली आणि त्यात हे मऊ जातीचे प्रवाळ वाढवले. दगडासारखे कडक प्रवाळ पाळायला आपल्याकडे बंदी आहे, आणि सतीशराव कायद्याला भारी धरून. कोणी गुपचूप आणून देतो म्हटलं तर त्याला चहासुद्धा विचारायचे नाहीत. आम्ही सुरतेला गेलो की जावई आधी टाकी दाखवणार, मग पाणी देणार. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ह्यावरून त्यांना खूप चिडवायच्या. लेकीला मूल नाही ह्याचं आईंना फार वाटायचं, पण ते बोलण्यापेक्षा त्या टाकीवरून चिडवणं सोपं होतं.

घर कारखान्याचं होतं, ते सोडावं लागलं. मोठी टाकी कुठे नेणार? ती एका ओळखीच्या माणसाकडे गेली, दगडांसकट, माशांसकट. वंदनाने दोन-तीन दगड तेवढे मागे ठेवले आणि प्रत्येक जातीचा एकेक लहान तुकडा कापून घेतला, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि तो बुचाएवढ्या पांढऱ्या मातीच्या बुंध्यावर चिकटवला. जूनपासून तिला नाशिकला नोकरी लागली होती, तिथे ती पुन्हा टाकी करणार होती. तोपर्यंत हे तुकडे आमच्याकडे राहणार होते. माहेरी आलेल्या पोरीबरोबर तिचं सामान येतं तसे. खोका खाली ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "वहिनी, हे जगले पाहिजेत." त्या सहा महिन्यांत तिने कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

समुद्र करणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. वंदनाने पदर खोचला आणि कामाला लागली. माशांच्या दुकानातून साधी काचेची पेटी आणली. जारवाल्याकडून गाळलेलं पाणी घेतलं, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला चढतो तो पांढरा थर तिने पाहिला आणि मान हलवली. निळ्या ड्रममध्ये पाणी ओतून पिशवीतलं मीठ त्यात घातलं आणि ते रात्रभर एका छोट्या पंपाने फिरत ठेवलं. हे मीठ आपलं भाजीतलं नव्हे. समुद्रात असतं ते सगळं त्यात असतं, असं तिने सांगितलं. सतीशरावांच्या टाकीतले दोन-तीन सच्छिद्र दगड ओल्या कागदात गुंडाळून आणले होते, ते तळाशी ठेवले. पाणी स्वच्छ ठेवणारे जंतू त्या दगडांत राहतात. वर एक दिवा, आत पाणी हलतं ठेवणारा पंखा. तुकडे ठेवायला मांडणी हवी होती, ती ह्यांनी ठिबकच्या नळीचे तुकडे जोडून केली. हे पाइपच्या कारखान्यात आहेत, नळीचं काही करायचं म्हटलं की ह्यांच्या अंगात उत्साह संचारतो.

मीठ बरोबर झालं की नाही ते बघायला एक नळी होती, लहान दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. आत निळ्या-पांढऱ्याची एक सीमा दिसते, ती पस्तीसच्या रेघेवर हवी. ह्यांनी बघितलं, मी बघितलं, आईंनीही चष्मा काढून बघितलं आणि काहीच दिसलं नाही म्हणाल्या. माणसांसारखंच आहे, पस्तिशी ओलांडली की कुरकुर सुरू, असं मी म्हटलं तेव्हा वंदना हसली. सहा महिन्यांतलं ते पहिलं हसू होतं आणि ते माझ्यामुळे आलं म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

तुकडे एकदम नव्या पाण्यात सोडायचे नसतात. पिशवीतल्या पाण्यासकट ते एका डब्यात काढायचे आणि पेटीतलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब त्या डब्यात सोडायचं, म्हणजे त्यांना नव्या पाण्याची सवय होते. हे ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. केळीला लावतात ती बारीक नळी आणि तिची चिमुकली तोटी हे लगेच घेऊन आले. सगळं घर त्या डब्याभोवती बसून थेंब पडताना बघत होतं. मला ते आवडलं. लेक सासरहून आली की तिलाही अशीच सवय होऊ द्यावी लागते; आल्या आल्या सगळं विचारून चालत नाही.

मग जागेचा प्रश्न आला. पुस्तकांत अशा पेटीला गरम ठेवायचं यंत्र लावायला सांगतात म्हणे. जळगावात मे महिन्यात पाणी गरम करायचं यंत्र! आम्ही सगळे खूप हसलो. प्रश्न उलटा होता. दुपारी वीज जायची, भिंती तापायच्या, नळाला हात लावला तर चटका बसायचा. आईंनी एका वाक्यात निकाल लावला. "पाव्हना शे तो. त्याले कूलरना म्होरे ठेव." आमच्याकडे पाहुण्याला कूलरसमोरची खुर्ची देतात; घरच्या माणसाने ती खुर्ची सोडायची, ही इथली रीत. वंदनाला ते पटलं, वाऱ्याने पाणी गार राहतं. वीज गेली तर बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप लावायचा आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून पेटीत सोडायची. अशा रीतीने प्रवाळांना घरातली सगळ्यात मानाची जागा मिळाली, आणि आईंची खुर्ची दाराजवळ सरकली.

त्या दिवसांत दुपारचं घर कसं होतं ते मला आजही दिसतं. पडदे ओढलेले, कूलरचा एकसुरी आवाज, पेटीतल्या पाण्याची छतावर हलणारी जाळी. आई आणि वंदना खाली सतरंजीवर पडलेल्या. वंदना बराच वेळ कुशीवर वळून पेटीकडे बघत राहायची. झोपली असं वाटावं तर डोळे उघडे. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहायच्या.

आखाजीला मात्र ती इथे राहणार नव्हती. आखाजी पितरांचाही सण. त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर खरबूज किंवा आंबा ठेवतात, पूजा करतात, निखाऱ्यावर नैवेद्याचा घास घालतात. सतीशरावांची ही पहिलीच घागर, आणि ती त्यांच्या घरी, धुळ्याला भरायची. सगळ्या पोरी माहेरी येतात त्या दिवसांत आमची पोर माहेराहून सासरी निघाली. तिच्या सासऱ्यांचा, आबांचा, फोन आला की नातेवाईक लवकर जमताहेत, आठवडाभर आधीच ये. घाईने बस गाठायची होती. जाताना तिने पेटीच्या काचेवर पेनाने एक रेघ ओढली, पाणी कमी झालं की तिथपर्यंत भरायला सांगितलं, आणि कोपऱ्याकडे हात केला. कोपऱ्यात निळा ड्रम होता, खाऱ्या पाण्याचा. आणि त्याच्या शेजारी गाळलेल्या गोड्या पाण्याचा जार.

पाणी फार भराभर कमी व्हायचं. बाहेर लूच्या झळा, आत कूलरचा झोत, पेटी त्याच्या अगदी तोंडावर. सकाळी रेघेला असलेलं पाणी संध्याकाळी चांगलं बोटभर खाली. भरायचं काम आईंनी आपणहून घेतलं. अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून, त्या तांब्या घेऊन पेटीजवळ यायच्या आणि निळ्या ड्रमातलं पाणी हळूच, धार न पाडता, आत सोडायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "खारा पानीना जीव शे. त्याले गोडं कसं चाली?" मला ते अगदी बरोबर वाटलं. कोणालाही वाटलं असतं. पाहुण्याला त्याच्या चवीचं वाढायचं, एवढीच त्यात बुद्धी होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी हिरवी बटणं मिटली. दुसऱ्या दिवशी बाकीचे तुकडेही आक्रसले. एक तपकिरी, पसरट, मखमली तुकडा होता, सतीशरावांचा सगळ्यात आवडता, तो बुंध्यावरून सैल होऊन लोंबायला लागला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, पंखा चालू होता. काय झालं ते कळेना. आणि तिकडे धुळ्याला त्याच सकाळी वंदना घागर भरत होती. फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. तिला काय सांगणार होते? आई म्हणाल्या, आज नको. त्यांनी आमच्या घरच्या पितरांची घागर भरली, हात जोडले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ जोडलेलेच ठेवले. जावयाची घागर मुलीच्या माहेरी भरत नाहीत. भरत असते तर आईंनी ती भरली असती, एवढं मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं. त्या दिवशी गोडाचं जेवण कोणालाच गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे बिबडे होते. ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या धोतरावर हाताने थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. हे काम ठरलं की पुढे ढकलता येत नाही, कारण पीठ आधीच भिजलेलं असतं. गच्चीवर ऊन चढायच्या आत मी आणि आई थापायला बसलो. मी एक घास चाखला आणि सवयीने म्हटलं, अळणी लागतंय. आणि आईंनी दरवर्षीचं उत्तर दिलं, की अळणीच ठेवायचं असतं, वाळल्यावर मीठ चढतं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावरून नुसतं जायचं. त्या सकाळी आई ते म्हणाल्या आणि त्यांचा हात धोतरावरच थांबला. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पानी उडी गयं, माय. मीठ तठेच र्‍हायनं."

पिठाच्या हातांनीच आम्ही खाली आलो. नळीच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरलं. सीमा पस्तीसच्या कितीतरी वर चढलेली होती. उडून गेलं होतं ते नुसतं पाणी. मीठ सगळं पेटीत होतं, आणि आम्ही रोज तांब्यातांब्याने त्यात आणखी मीठ वाढत होतो. मी आईंकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

वंदनाला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं आता रडेल किंवा चिडेल, आणि चिडली असती तर मला बरंच वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "वहिनी, एकदम गोडं पाणी ओतू नका. जसं चढलं तसंच हळूहळू उतरवा." पेटीतलं थोडं पाणी काढून टाकायचं आणि जारमधलं गोडं पाणी थेंब थेंब आत जाऊ द्यायचं. ह्यांनी पुन्हा ती केळीची नळी आणली, जार उंचावर ठेवला, तोटी अगदी जराशी उघडली. तो सगळा दिवस आणि पुढचा दिवस आमच्या घरात टप टप चालू होतं. वर गच्चीवर बिबडे कडक वाळत होते आणि खाली समुद्र हळूहळू अळणी होत होता. आई पेटीसमोर बसून होत्या. त्यांची खुर्ची आपोआप दारातून पुन्हा कूलरसमोर आली होती.

वंदना परतली तेव्हा हिरवी बटणं अर्धवट उघडली होती. बाकीचे तुकडे अजून रुसलेले होते, पण अंग धरून होते. मखमली तुकडा मात्र गेला होता. तिने हातमोजा घातला, तो बुंध्यावरून अलगद सोडवला आणि तळहातावर घेतला. एवढासा तर होता. त्याच्याकडे बघता बघता ती रडायला लागली, आणि मग थांबेचना. दिवाळीपासून ती आमच्यासमोर रडली नव्हती. तिकडे घागर भरतानाही कोरड्या डोळ्यांनी उभी होती असं आबांनी फोनवर सांगितलं होतं. आई म्हणाल्या, "मन्हा हातथीन व्हयनं, पोरी." वंदनाने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. कितीतरी वेळाने म्हणाली, "आई, मीही तेच करत होते गं. रोज आठवणी काढायच्या आणि त्याच पुन्हा आत ओतायच्या." मी उठून चहा टाकला. दूध उतू गेलं, कारण मला चूल दिसत नव्हती.

त्यानंतर तिचं माहेरपण खऱ्या अर्थाने सुरू झालं, असं आता वाटतं. ती जेवायला लागली. शेजारच्या पोरींबरोबर झोक्यावर बसली, सण होऊन गेला होता तरी. बिबडे तळून खाताना मीठ बरोबर आहे असं मला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, आणि आई हसल्या. रोज सकाळी काचेवरच्या रेघेपर्यंत जारमधलं गोडं पाणी घालायचं काम तिने आईंकडेच ठेवलं. काढून घेतलं असतं तर आई खचल्या असत्या. जूनच्या सुरुवातीला तोच थर्माकोलचा खोका छातीशी धरून ती नाशिकला गेली. हिरव्या बटणांचा एक छोटा तुकडा मात्र कापून आमच्या पेटीत ठेवून गेली. तात्पुरता, म्हणाली.

सतीशरावांच्या घरी आता त्यांच्या नावाचं काय आहे मला माहीत नाही. फोटो असेल, हार असेल. नाशिकला वंदनाची टाकी पुन्हा भरली आहे, मखमली जात सोडून सगळं आहे. ती फोनवर टाकीबद्दल बोलते, नोकरीबद्दल बोलते, ऑफिसातल्या एका मैत्रिणीबद्दल बोलते. सतीशरावांबद्दलही बोलते, आणि आता ते बोलणं ऐकताना जीव घाबरत नाही. आमच्या पेटीतला झुबका वाढून बुंध्यावरून खाली शेजारच्या दगडावर उतरला आहे.

आज आखाजी. वंदना धुळ्याला आहे, घागर भरून उद्या इकडे येईल. सकाळी आईंनी नवी घागर धुऊन पाटावर ठेवली, आणि भरायला घेतली तशा थांबल्या. जारमधून भरलेला पहिला तांब्या त्यांनी घागरीत ओतला नाही. तो घेऊन त्या कूलरसमोर गेल्या, काचेवरच्या रेघेपर्यंत गोडं पाणी हळूच, धार न पाडता, आत सोडलं, आणि पेटीला हात जोडले. मग मागे वळून न बघता आमच्या पितरांची घागर भरायला बसल्या. मी खरबूज हातात घेऊन दारात उभी होते. आईंनी हात पुढे केला तसं मी ते त्यांना दिलं.